१० ग्रॅमचा धागा

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात, आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर, साठीच्या एक मावशी डोळे मिटून बसल्या आहेत. आरोग्यसेविका त्यांच्या तळव्याला नायलॉनचा धागा टेकवते, तो वाकेपर्यंत दाबते आणि विचारते, "मावशी, लागतंय का?" पायाची जाणीव शाबूत आहे का, हे तपासणारा हा धागा १० ग्रॅम भाराला वाकतो. अंगठ्यावर आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर, अशा ठरावीक जागी तो टेकवतात. घट्टा पडलेली जागा मात्र टाळायची, कारण तिथे निरोगी माणसालाही स्पर्श जाणवेलच असे नाही. बहुतेक आयुष्य अनवाणी वावरलेल्या या पायांवर बिनघट्ट्याची जागा शोधण्यातच सेविकेचा निम्मा वेळ जातो. मावशी दोनदा "व्हय" म्हणतात. तिसऱ्यांदा धागा वाकतो, तेव्हा त्या गप्पच राहतात.

कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब असतात. मधुमेहात वर्षानुवर्षे रक्तात वाढलेल्या साखरेने ते आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या, की त्याची झळ आधी दूरच्या टोकाला लागते. म्हणून मुंग्या बोटांपासून सुरू होतात, बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो आणि पुढे हातांनाही गाठतो. वाटेत चप्पल निसटते, तेव्हा मावशींना ते मागून येणारी नात सांगते.

मुंग्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही येतात. माळकरी घरात अंडी-मांस नाही, दूध बहुतेक डेअरीला जाते आणि भाकरी-वरणातून बी-१२ मिळत नाही; त्यात मधुमेहासाठी दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिननेही ते कमी होऊ शकते. रक्ततपासणीत कळणारी ही उणीव औषधाने भरून निघते, तरीही मुंग्यांना "वात" म्हणून तेल चोळत बसण्यात वर्षे जातात, हे आम्हाला खटकते.

कापूस वेचणाऱ्या या हातांत रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दबल्याची शंका घ्यावी. बधिर, फिकट चट्टा दिसल्यास कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. एका बाजूचे हातपाय अचानक बधिर झाले, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. बधिर पायाला न कळलेली जखम चिघळून पाय गमावण्याचीही वेळ येते.

संध्याकाळी घमेल्यात पाणी ओतून नात आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहते. विटेचा शेक आता बंद झाला आहे. पाय पुसून ती तळव्याखाली छोटा आरसा धरते. टाचेत बाभळीचा काटा आहे.