नव्वद मैलांचं सामान

(दृश्य : मायामी विमानतळ, पहाट. हवानाच्या विमानासाठी लागलेली रांग.)

या रांगेत माणसं कमी आणि गाठोडी जास्त दिसतात. प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळलेल्या बॅगा, खोक्यातला टीव्ही, एखादा पंखा, गाडीचा टायर. बॅगांच्या आत तांदूळ, दुधाची भुकटी, तापाच्या गोळ्या, साबण, लहान मुलांचे बूट. काट्यावर वजन जास्त भरलं की बॅग तिथंच उघडायची आणि दोन शर्ट अंगातल्या शर्टावर चढवायचे. सामान घर हलवल्यासारखं, आणि प्रवास जेमतेम तासाभराचा.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्टच्या किनाऱ्यावर, एक रंगवलेला सिमेंटचा खांब आहे. त्यावर लिहिलंय : क्युबा, 90 मैल. साधारण 145 किलोमीटर. पर्यटक तिथं रांगेत उभे राहून फोटो काढतात.

अमेरिकेनं क्युबावर घातलेली व्यापारबंदी 1960 मध्ये सुरू झाली, 1962 मध्ये जवळपास पूर्ण झाली आणि आजही उठलेली नाही. एवढ्या जुन्या बंदीखालून ही गाठोडी दररोज जातात कशी? त्यासाठी थोडं मागे जायला हवं, सिगार वळणाऱ्यांकडे.

(दृश्य : फ्लोरिडातलं टॅम्पा शहर, इबोर सिटी. लाल विटांचे जुने कारखाने.)

1880 चं दशक. क्युबा अजून स्पेनच्या ताब्यात. व्हिसेंते मार्तिनेस इबोर नावाचा सिगारचा कारखानदार हवानातून आधी की वेस्टला आला आणि तिथून टॅम्पाला. त्यानं वसवलेली ही वस्ती. तंबाखू क्युबाचा, वळणारे हात क्युबाचे, गिऱ्हाईक अमेरिकेचं.

कारखान्यात शेकडो कामगार बाकांवर ओळीनं बसून दिवसभर सिगार वळायचे. मध्ये एक उंच चौथरा, त्यावर एक माणूस, हातात वर्तमानपत्र. हा ‘लेक्तोर’, म्हणजे वाचून दाखवणारा. सकाळी बातम्या, दुपारी कादंबरी. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपापसात वर्गणी काढून देत. कुठली कादंबरी लावायची हेही तेच ठरवत. ही पद्धत हवानात 1865 मध्ये सुरू झाली आणि कारागिरांबरोबर समुद्र ओलांडून आली. अक्षरओळख नसलेला माणूसही इथं युरोपातल्या राजकारणावर वाद घालू शके. मालकांना हे फार काळ मानवलं नाही. 1931 मध्ये त्यांनी चौथरे काढून टाकले आणि त्या जागी रेडिओ आला.

या कामगारांसमोर 1891 च्या नोव्हेंबरमध्ये एक किडकिडीत माणूस भाषणाला उभा राहिला. होसे मार्ती. कवी, पत्रकार, दहाएक वर्षं न्यूयॉर्कमध्ये राहिलेला निर्वासित. क्युबाच्या स्वातंत्र्याचा पैसा त्याला हवानातल्या धनिकांनी नाही, टॅम्पा आणि की वेस्टच्या सिगारवाल्यांनी दिला. मार्ती 1895 मध्ये क्युबात उतरला आणि सव्वा महिन्यातच लढाईत मारला गेला. आदल्या दिवशी लिहायला घेतलेलं एक पत्र अर्धंच राहिलं. त्यात अमेरिकेबद्दल तो म्हणतो की मी त्या राक्षसाच्या पोटात राहिलोय, त्याची आतडी मला ठाऊक आहेत.

आज हवानाच्या विमानतळाला मार्तीचं नाव आहे. आणि क्युबाच्या सरकारविरुद्ध प्रसारण करण्यासाठी अमेरिकन सरकारनं 1985 मध्ये जे रेडिओ केंद्र काढलं, त्याचंही नाव रेडिओ मार्ती. एकाच माणसाच्या तसबिरीला दोन भांडणाऱ्या भावांनी हार घालावा, तसा प्रकार.

(दृश्य : हवानाचं बंदर, जुनी छायाचित्रं.)

15 फेब्रुवारी 1898. हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेहून जास्त खलाशी मेले. अमेरिका स्पेनविरुद्ध युद्धात उतरली आणि काही महिन्यांत जिंकली. क्युबा स्वतंत्र झाला तो 1902 मध्ये, आणि तोही अटींवर. गरज वाटली तर आम्ही हस्तक्षेप करू, हे अमेरिकेनं क्युबाच्या राज्यघटनेतच लिहून घेतलं. 1903 मध्ये क्युबातला ग्वांतानामोचा नौदल तळ भाड्यानं घेतला. हस्तक्षेपाचा अधिकार 1934 मध्ये सोडला, तळ सोडला नाही. वर्षाचं भाडं 4,085 डॉलर. त्याचा धनादेश 1959 च्या क्रांतीनंतरही येत राहिला. त्याच वर्षी एक वटला, तो गोंधळात. पुढचे क्रांतीचे नेते फिडेल कॅस्ट्रोंनी टेबलाच्या खणात टाकले.

(दृश्य : गल्लीत बेसबॉल खेळणारी मुलं. चेंडू चिंध्यांचा, बॅट म्हणजे एक काठी.)

राजकारणाला इथं जरा विसावा, कारण बेसबॉलशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. क्युबात याला म्हणतात पेलोता, म्हणजे नुसतं ‘चेंडू’. 1864 मध्ये अलाबामात शिकायला गेलेली काही श्रीमंत घरची मुलं परतताना बॅट आणि चेंडू घेऊन आली, असं सांगतात. स्पेनच्या अधिकाऱ्यांना हा खेळ खटकला. त्यांना हवी होती बैलझुंज, आणि पोरं अमेरिकन खेळ खेळत होती. त्यांनी 1869 मध्ये खेळावर बंदी घातली. झालं, त्या दिवसापासून बेसबॉल खेळणं हे देशप्रेमाचं काम ठरलं. अमेरिकेचा खेळ हा क्युबाच्या स्वातंत्र्याचा खेळ झाला, आणि पुढे अमेरिकेशी वैर धरलं तरी तो कुणाला परका वाटला नाही.

1950 च्या दशकात हवानाचा एक संघ थेट अमेरिकेतल्या इंटरनॅशनल लीगमध्ये खेळत होता. नाव हवाना शुगर किंग्ज. साखरेच्या जिवावर चाललेल्या देशाला शोभणारं. क्रांती जिंकली जानेवारी 1959 मध्ये, आणि संघ तरीही खेळत राहिला. त्या जुलैत फिडेल स्वतः प्रदर्शनी सामन्यात चेंडू फेकायला उतरले. त्यांच्या संघाचं नाव ‘बार्बुदोस’, म्हणजे दाढीवाले. (फिडेलना तरुणपणी अमेरिकन क्लबनं करारासाठी बोलावलं होतं, ही दोन्हीकडे आवडीनं सांगितली जाणारी गोष्ट मात्र खोटी आहे.) पुढच्याच रात्री, 26 जुलै हा क्रांतीचा सण उजाडताना, स्टेडियममध्ये आनंदाच्या भरात गोळ्या उडाल्या आणि त्यातल्या दोन मैदानात आल्या. पाहुण्या रॉचेस्टर संघाचा प्रशिक्षक टोपीच्या आत कडक कवच घालून होता, म्हणून वाचला. शुगर किंग्जच्या एका खेळाडूचा खांदा खरचटला. तरीही त्याच वर्षी शुगर किंग्जनं मिनियापोलिसला हरवून करंडक जिंकला.

जुलै 1960 मध्ये लीगनं संघ हवानातून उचलला आणि न्यू जर्सीत नेऊन ठेवला. वकिलात पुढच्या जानेवारीत बंद झाली. खेळ तिच्याआधी गेला.

(दृश्य : साखर कारखाना, उसाचं रान. मग हवानाच्या रस्त्यावरची गुलाबी शेव्हरोले.)

मधल्या काळात काय घडलं? बांध फुटल्यावर कुठलं पाणी आधी आलं हे सांगणं अवघड, पण क्रम साधारण असा. क्युबानं सोव्हिएत तेल आणलं. तिथल्या अमेरिकन आणि ब्रिटिश मालकीच्या शुद्धीकरण कारखान्यांनी ते घ्यायला नकार दिला. कॅस्ट्रोंनी कारखाने ताब्यात घेतले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्युबाकडून घ्यायच्या साखरेचा कोटा तोडला. कॅस्ट्रोंनी साखर कारखाने, बँका, वीज आणि टेलिफोन कंपन्या, सगळं सरकारजमा केलं. त्या मालमत्तेसाठी अमेरिकन आयोगानं मान्य केलेले दावे आहेत 5,913. ते आजही मिटलेले नाहीत.

पुढचे अध्यक्ष केनेडींनी फेब्रुवारी 1962 मध्ये बंदीच्या कागदावर सही केली. त्यांचे माध्यम सचिव पिअर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलं की साहेबांनी आदल्या संध्याकाळी त्यांना क्युबन सिगार गोळा करायला पाठवलं होतं. सकाळी 1,200 सिगार आल्याची खात्री झाली, मग सही.

बंदीमुळे नव्या अमेरिकन गाड्या आणि सुटे भाग येणं थांबलं. जुन्या राहिल्या. त्यांना तिथं ‘अल्मेंद्रोन’ म्हणतात, मोठा बदाम, आकारावरून. बॉनेट उघडलं तर आत कुठलं डिझेल इंजिन, कुठल्या रशियन गाडीचे भाग, आणि काही वस्तू मेकॅनिकनं स्वतः घडवलेल्या. पर्यटकाला हा 1950 च्या अमेरिकेचा फिरता संग्रह वाटतो. चालकाला ते रोजचं डोकं फोडणं आहे.

(दृश्य : मायामी, क्युबन वस्तीतला काये ओचो हा रस्ता. कॉफीच्या खिडकीशी उभी माणसं, डॉमिनोजचा खेळ रंगलेला.)

आणि माणसं? ती लाटांनी आली. आधी डॉक्टर, वकील, कारखानदार. 1960 ते 1962 मध्ये आईबापांनी एकट्यानं विमानात बसवून दिलेली 14,000 हून अधिक मुलं. मग 1965 पासूनची विमानं. हवानातल्या सरकारनं जाणाऱ्यांना शिवी दिली ‘गुसानो’, म्हणजे किडा.

1979 मध्ये क्युबानं या किड्यांना घर बघायला यायची परवानगी दिली. एका वर्षात लाखभर माणसं आली, आणि येताना अंगावर, हातात, डोक्यावर मावेल ते घेऊन आली. जीन्स, घड्याळं, रेडिओ. वीस वर्षं ज्यांना भावाचं पत्रसुद्धा लपवून वाचावं लागलं, त्यांच्या ओसरीवर तोच भाऊ टेपरेकॉर्डर ठेवून बसला होता. तेव्हा हवानात विनोद निघाला : किड्यांची फुलपाखरं झाली! दुसरा विनोद शब्दांवरचा. देशद्रोह्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘त्रायदोर’. लोकांनी त्याचं केलं ‘त्राए-दोलारेस’, म्हणजे डॉलर आणणारा.

पुढच्याच वर्षी मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं निघून गेली. मायामीतल्या नातेवाइकांनी स्वतःच्या नाहीतर भाड्याच्या बोटी आणून त्यांना नेलं. हा योगायोग होता असं मला वाटत नाही. टेपरेकॉर्डर बोलला होता.

1994 मध्ये आणखी पस्तीसेक हजार, ट्यूबवर आणि फळ्यांच्या तराफ्यांवर. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाचं जेवणाचं ताट रिकामं झालं होतं. त्याआधी, 1993 मध्ये, सरकारनं डॉलर बाळगणं कायदेशीर केलं होतं. ज्या शत्रूचं चलन खिशात सापडलं तर तुरुंग होता, त्याच चलनाची दुकानं निघाली. तेव्हापासूनचा आणखी एक प्रश्न : तुझ्याकडे ‘फे’ आहे का? फे म्हणजे श्रद्धा. पण स्पॅनिशमधली त्याची एफ आणि ई ही दोन अक्षरं सुटी करा, ‘फामिलिया एन एल एक्स्त्रान्हेरो’, परदेशातलं कुटुंब. ज्याच्याकडे फे, त्याच्या घरी तेल.

(दृश्य : हवानाचं दुकान. गोठवलेल्या कोंबडीची खोकी, ‘अमेरिकेत उत्पादित’ असा शिक्का.)

हो, कोंबडी अमेरिकेची. 2000 च्या कायद्यानं क्युबाला शेतमाल विकायची सूट मिळाली. अट एकच, उधारी नाही, पैसे आधी. आधी क्युबानं नाक मुरडलं. 2001 मध्ये वादळानं शेतं झोपवली आणि खरेदी सुरू झाली. त्यात सगळ्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोंबडीचा, त्यातही तंगड्यांचा. अमेरिकन ग्राहकाला छातीचं मांस हवं असतं, तंगड्या उरतात. बंदी घालणारा देश आणि बंदीला शिव्या घालणारा देश, दोघांचं त्या कोंबडीवर जमलं.

(दृश्य : मायामीतलं मतदान केंद्र. मग शेजारच्या हायलीआ शहरातलं पार्सलचं दुकान.)

आता ती जागा, जिथं मला स्वतःला थांबावं लागतं. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी मायामीतल्या क्युबन लोकांचा कौल 1991 पासून घेते आहे. अलीकडच्या कौलांत बंदी चालू ठेवा म्हणणारे निम्म्याहून अधिक. त्याच कौलांत अन्न आणि औषधं जाऊ द्या म्हणणारेही निम्म्याहून अधिक. म्हणजे मत सरकारविरुद्ध आणि गाठोडं बहिणीसाठी, आणि दोन्ही एकाच घरातून. बाहेरच्याला हा दुटप्पीपणा वाटतो. त्या घरात बसून विचारलं तर उत्तर येतं, बहीण म्हणजे सरकार आहे का? आणि त्या डॉलरचा काही भाग शेवटी सरकारी दुकानातच जातो, हेही त्यांना माहीत असतं.

याच मतांनी सिनेटर आणि खासदार घडवले. मार्को रुबिओ 2025 च्या जानेवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले, ते क्युबन आईवडिलांचे चिरंजीव. आईवडील आले होते 1956 मध्ये, कॅस्ट्रोंच्या आधी.

17 डिसेंबर 2014 ला ओबामा आणि क्युबाचे तेव्हाचे अध्यक्ष, फिडेल यांचे भाऊ राऊल कॅस्ट्रो यांनी एकाच वेळी दूरचित्रवाणीवर येऊन संबंध सुधारायचं जाहीर केलं. 14 ऑगस्ट 2015 ला हवानातल्या वकिलातीवर अमेरिकन झेंडा पुन्हा चढला. 1961 मध्ये तो उतरवणारे तीन मरीन सैनिक, आता म्हातारे, समारंभाला हजर होते. मार्च 2016 मध्ये ओबामा आणि राऊल हवानात शेजारी बसून बेसबॉल बघत होते. टॅम्पाचा संघ 4-1 नं जिंकला. 2018 च्या डिसेंबरमध्ये क्युबन खेळाडूंना रीतसर अमेरिकेत खेळता येईल असा करार झाला आणि चार महिन्यांत ट्रम्प सरकारनं तो रद्द केला. पैसे पाठवण्याच्या रीतसर वाटाही आवळल्या गेल्या.

मग पैसा पुन्हा पिशवीत आला. ‘मुला’ म्हणजे खेचर. वजनावर मोबदला घेऊन दुसऱ्यांचं सामान वाहून नेणारा माणूस. 2021 च्या जुलैत क्युबात लोक रस्त्यावर उतरले, आणि काही दिवसांतच सरकारनं प्रवाशांच्या अन्न-औषधांवरचा आयातकर उठवला. एका वर्षात, ऑक्टोबर 2021 ते सप्टेंबर 2022, सुमारे सव्वादोन लाख क्युबन अमेरिकेच्या सीमांवर पोचले. मारिएल आणि 1994 एकत्र केले तरी कमी पडावेत.

(दृश्य : इबोर सिटी, संध्याकाळ. लोखंडी कुंपणाचं एक छोटं उद्यान.)

जाता जाता पुन्हा टॅम्पात. मार्तीवर इथं विषप्रयोग झाल्यावर पाउलिना पेद्रोसो या कृष्णवर्णीय क्युबन बाईनं त्याला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. ते घर आता नाही. त्या जागी हे उद्यान आहे, मध्ये मार्तीचा पांढरा पुतळा. 1956 मध्ये ही जमीन क्युबाला भेट मिळाली आणि कागदोपत्री तिची मालकी अजून क्युबाच्या सरकारचीच आहे. तिकडे ग्वांतानामो, इकडे हा एवढासा तुकडा. क्युबाच्या तेव्हाच्या सहाही प्रांतांतली माती आणून इथं घातलेली आहे.

(पहारेकरी फाटक लावतो. पडदा काळा.)