माकडताप आणि माझी उमेदीची वर्षं

नमस्कार मंडळी.

विषाणू म्हटलं की आपल्याला कोविड आठवतो. मी ज्याच्या मागे जंगलं तुडवली, त्याचं नाव मात्र इथे थोड्यांनीच ऐकलं असेल. क्यासनूर. आमच्या सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात.

१९५७ साली, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली. पाठोपाठ गावातली माणसं तापाने फणफणली. पहिला धसका पीतज्वराचा होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिथे धावली, आणि हाती लागला अगदी नवा विषाणू, गोचिडींतून पसरणारा. त्याच केंद्रात या तापावर काम करणाऱ्या डॉ. खोर्शेद पावरी पुढे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. माझ्या पिढीच्या मुलींना त्यांचा केवढा आधार वाटायचा!

आमचं काम कसं चाले, सांगते. पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधायचा आणि पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचा. थोड्या पावलांनी उलटून पाहायचा. खसखशीएवढे ठिपके चालताना दिसले की चिमट्याने उचलून कुपीत. ही गोचिडीची पिल्लं. माणसाला बहुतेक वेळा हीच चावतात.

या विषाणूचं बिऱ्हाड एका जागी नसतं. उंदीर-चिचुंद्र्यांत तो फारसा गाजावाजा न करता राहतो. माकडात शिरला की जीव घेतो, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरून आसपास पसरतात. म्हणून ती जागा धोक्याची. गाईगुरांना ताप येत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसल्या जातात. रान तोडून आपण गुरं आत चारायला नेली, तिथे गोचिडींची चंगळ झाली. माणूस मात्र विषाणूसाठी बंद गल्ली. आपल्याकडून तो पुढे कुणाकडे जात नाही. एकाच विषाणूची चार शरीरांत चार रूपं! मला या कामाचं वेड लागलं ते इथेच.

२०१६ मध्ये ही साथ माझ्या आजोळी, दोडामार्ग तालुक्यात उतरली. ऐन काजूच्या हंगामात. माणसं पहाटे बागेत जातात, पाचोळ्यात वाकून बिया वेचतात. म्हणजे आमचं फ्लॅनेल जिथून फिरायचं, तिथेच त्यांचे हात. त्या वर्षी मी मामीला रोज फोन करत होते. एकदा ती म्हणाली, बागेच्या कडेला माकड मरून पडलंय. माझ्या पोटात गोळा आला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हात लावूक नाय गो. पंचायतीत सांगलंय."