जांभळ्या झाकणाची नळी

(दृश्य: वाशी, मिनी सी-शोअर, सकाळचे साडेसहा)

निळ्या टोपीतले काका एकाहत्तरचे. बाजूचे त्यांचे मित्रही एकाहत्तरचेच, शाळेतले सोबती. चाल बघा दोघांची, वय सारखं वाटतं का? शरीराचं वय रक्तातून काढायचं, त्याच अभ्यासासाठी हे रक्त.

रक्त घेणाऱ्या ताई म्हणतात, "काका, मूठ घट्ट आवळा."

नळी भरते. आतल्या ईडीटीएमुळे रक्त गोठत नाही. भरल्यावर ती हलक्या हाताने उलटीपालटी करायची. घुसळली तर पेशी फुटतात.

(दृश्य: रबाळे एमआयडीसी, प्रयोगशाळा)

नळ्या गरागरा फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबलं. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला तांबड्या पेशी आणि मधे ही पातळशी साय. तांबड्या पेशींना केंद्रकच नसतं, त्यामुळे डीएनए मिळायचा तो या सायीतल्या पांढऱ्या पेशींकडून. पेशी फोडल्या, मिठाने प्रथिनं खाली बसवली, वर गार अल्कोहोल सोडलं. आता नीट बघा. पिंजलेल्या कापसाचा तंतू तरंगावा तसा हा डीएनए. या एका शॉटसाठी ताईंनी नळी चार वेळा तिरकी धरली.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक सायटोसिन. या धाग्यातल्या काही सायटोसिनवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची टिकली लागलेली असते. अक्षर तेच, टिकली वरून. वय वाढतं तशा काही जागी टिकल्या वाढतात, काही जागी गळतात. ईएलओव्हीएल२ या जनुकापाशी त्या वाढतच जातात. पण टिकली दिसायची कशी? त्यासाठी हे रसायन, बायसल्फाइट. रात्रभर ठेवलं की बिनटिकलीच्या सायटोसिनचं युरॅसिल हे वेगळंच अक्षर होतं, टिकलीवालं जसंच्या तसं राहतं. मग वाचताना फरक उघड पडतो. रक्तातल्या पेशींचं प्रमाणही वयानुसार बदलतं, तो हिशेब वेगळा करावा लागतो.

२०१३ साली संशोधक हॅनम आणि सहकाऱ्यांनी ६५६ जणांच्या रक्तातून, १९ ते १०१ वर्षं वयाच्या, अशा ७१ जागा निवडून वय काढून दाखवलं. त्याच वर्षी संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी ३५३ जागांचं घड्याळ बांधलं, म्हणजे टिकल्यांवरून वय सांगणारं गणित. ते रक्तापुरतं नाही, शरीरातल्या बहुतेक ऊतींना चालतं. चूक साधारण साडेतीन वर्षांची.

पण हॅनम यांचे ते ६५६ जण गोऱ्या आणि हिस्पॅनिक वंशाचे. घणसोलीच्या माथाडीचं रक्त त्यात नाही, दिवाळे कोळीवाड्यातल्या मावशींचंही नाही. घड्याळ लावलं दुसऱ्यांच्या मनगटावर, वेळ सांगणार आमची! म्हणून या नळ्या. या रॅकमधली प्रत्येक.

घड्याळाचं वय खऱ्या वयाच्या पुढे गेलेल्यांत मृत्यूचा धोका जास्त आढळतो, मोठ्या गटांत. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही.

(दृश्य: उणे ८० अंशांचा फ्रीझर, नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक)

कुणालाही वैयक्तिक रिपोर्ट मिळणार नाही, हे संमतीपत्रात आहे. सहीआधी ताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तरी बाहीचं बटण लावता लावता काकांनी विचारलंच, "मग आमच्या दोघांत थोरला कोण निघाला?"