मटण कुणी उचललं?

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सहकारी खेळांचे दिवस’. पहिल्या रांगेत काही ज्येष्ठ मंडळी दिसतायत, त्यांना बहुतेक साखर कारखाना, ऊसदर, संचालक मंडळ असं काहीतरी अपेक्षित असावं. सांगलीत बसून तशी अपेक्षा ठेवली तर दोष तुमचा नाही. काका, उठू नका, बसा. यातही पळवापळवी आहे, मारामारी आहे, आणि माल शेवटी कुणाच्या खिशात गेला हा प्रश्न तर आहेच.

मी बोलणार आहे ते व्हिडिओ गेमबद्दल. दोघाचौघांनी एका बाजूनं उभं राहायचं, हातात तलवारी-कुऱ्हाडी घ्यायच्या आणि समोरून येईल त्याला कापत सुटायचं. जाणकार त्याला हॅक अँड स्लॅश म्हणतात. आम्ही ‘मारामारीचा गेम’ म्हणायचो. घरातली माणसं नुसतं ‘ते’ म्हणायची. ‘ते बंद कर आधी.’

माझं म्हणणं एवढंच आहे की, हे गेम आपल्याला आठवतात ते आपण तेव्हा लहान होतो म्हणून नव्हे. आठवतात ते गेम कंजूष होते म्हणून. माणसं दोन आणि वस्तू एक, अशी त्यांची रचना होती. हे मी आज तीन मुद्द्यांत मांडणार आहे. पण त्याआधी मटणाचं सांगतो, म्हणजे मुद्दे सोपे जातील.

माझ्या मामाचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. हिशेबासाठी त्यानं कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर प्लास्टिकचं झाकण घातलं. पण हळद कुणाचं ऐकते? झाकणाखालून शिरून कीबोर्डच्या प्रत्येक कळेभोवती पिवळी रेघ बसलेली असायची. सौदे संपले, हमाल गेले, मामा चहाला बाहेर पडला की मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, फ्लॉपी काढायचा. गोल्डन ॲक्स. सेगा कंपनीचा १९८९चा गेम. मुळात व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनसाठी केलेला, आमच्यापर्यंत आला तो कॉम्प्युटरचा अवतार घेऊन. एक रांगडा गडी, एक तलवारवाली, आणि एक कुऱ्हाड घेतलेला दाढीवाला बुटका. गाव कासवाच्या पाठीवर वसलेलं, पुढचा रस्ता गरुडाच्या पाठीवरून. हे ज्याला सुचलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

या गेममध्ये मुक्काम असायचा. रात्र, शेकोटी, आणि पोतं घेतलेले चिमुकले चोर. निळ्याला लाथ घातली की जादूच्या कुप्या सांडायच्या, हिरव्याला घातली की मटण. मटण उचललं की जीव वाढतो. खेळणारे दोघं, आणि मटण जो आधी पोचेल त्याचं.

आता बसायची व्यवस्था बघा. कीबोर्ड एक. दादा उजवीकडं बाणांच्या कळांवर, मी डावीकडं, खुर्चीच्या अर्ध्या कडेवर. त्या काळच्या स्वस्त कीबोर्डांची एक गंमत होती. आतमध्ये कळा आडव्याउभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असत. ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की नेमकं काय दाबलंय ते कीबोर्डला कळेनासं व्हायचं, आणि तिसरी कळ तो चक्क गिळून टाकायचा. दादानं हे शोधून काढलं होतं. मटण पडलं रे पडलं की हा दोन कळा दाबून धरायचा, आणि माझा गडी हिरव्या चोरासमोर पुतळ्यासारखा उभा!

‘दादा, माझ्या जिवाची एकच काडी उरलीय. मटण मला घेऊ दे.’

‘बारक्या, तू तसाही मरणारच आहेस. मटण कशाला वाया घालवायचं?’

अडत्याचा पोरगा! पडत्या मालात पैसा कोण घालतो? मी चिडून कुऱ्हाड चालवायचो, आणि या गेममध्ये आपला वार आपल्याच जोडीदाराला लागतो. मग दाढीवाला आणि रांगडा एकमेकांना बडवतायत आणि राक्षस बाजूला उभे राहून बघतायत, असा देखावा. मामा आला की आम्ही एका सुरात म्हणायचो, ‘काही नाही, टायपिंग शिकतोय.’ सहकार तो हाच.

दादानं दाबून धरलेल्या कळांची गोष्ट आजही कबूल केलेली नाही. त्याच्या मुलाच्या बारशातही मी विषय काढला होता. म्हणाला, ‘कीबोर्डात हळद गेली होती.’

आम्ही शेवटपर्यंत कधी पोचलोच नाही. त्यामुळं पार्लरच्या मशीनवर या गेमचा शेवट कसा होतो ते मला फार उशिरा कळलं. मशीन बिघडतं, त्यातून खलनायक थेट रस्त्यावर येतात आणि त्यांच्यामागं आपले नायक. म्हणजे ‘ही मारामारी उद्या रस्त्यावर येईल’ असं आया जे म्हणायच्या ते खरंच होतं.

आता एक खुलासा. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी एसटी स्टँडाजवळच्या पार्लरात रुपया टाकून ‘मुस्तफा’ खेळलेला असणार. हात वर करा. सर, तुम्ही पण? वा. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा, १९९३चा. चार पात्रांपैकी मुस्तफा एक, पण आपल्याकडं अख्खा गेम त्याच्या नावावर चढला. सातबारा बदलला म्हणा. शुद्धतावादी म्हणतील की तो मुठीनं मारायचा गेम आहे, कापाकापीचा नाही. बरोबर आहे. पण एका मशीनला तिघं चिकटून उभे, तिघांच्या कोपरांची आपसात वेगळीच लढाई. आजच्या मुद्द्यापुरता मी त्याला गोतात घेतो.

मग कॉलेज. विश्रामबागेतलं हॉस्टेल, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या लॅनच्या वायरी खिडकीतून खोल्या-खोल्यांत सोडलेल्या, आणि डायब्लो २. सन २००० चा गेम, आठ जणांना एकत्र खेळता येतो. मोठा राक्षस पडला की जमिनीवर माल सांडतो. माल सगळ्यांना दिसतो आणि क्लिक करील त्याचा होतो. सोनेरी अक्षरात नुसतं ‘रिंग’ असं आलं की चार खोल्यांतून चार माऊसचा आवाज एकदम, आणि मग कॉरिडॉरमध्ये दारं उघडल्याचा. ‘कुणी घेतली?’ शांतता. ‘लेको, कुणी घेतली?’ तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ व्हायची, आणि पुढचं भांडण गच्चीवर, अंधारात. दोन पोरं तर त्या अंगठीवरून मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली. शेवटी वही केली. पुढची सोनेरी अंगठी कुणाची, त्याची पाळी वहीत. वही कुणाकडं ठेवायची यावरून पुन्हा...

चिठ्ठी आली. ‘१० मिनिटं.’ अहो, अजून मुद्दा पहिला सुरू व्हायचाय! ठीक आहे, पळतो.

मुद्दा पहिला. कंजुषी ही चूक नव्हती, ती मुद्दाम केलेली होती. अटारी कंपनीचा गाँटलेट घ्या, १९८५, करणारा एड लॉग. एका मशीनवर चौघं. जीव सतत गळत राहतो, नुसतं उभं राहिलं तरी. जीव वाढवायचा तर जेवण शोधा, नाहीतर नाणं टाका. मालकाचा गल्ला भरतो हे उघडच आहे. पण त्यामुळं चौघांना ठरवावं लागतं की आत्ता जेवण कुणाला जास्त गरजेचं. वर जेवणावर चुकून बाण गेला तर ते नष्ट होतं, आणि कुणी मारला त्याची मशीन मोठ्यानं चुगली करतं.

दुसरा. भांडायची सोय आतच होती. डबल ड्रॅगन, १९८७. दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत जातात, आणि शेवटी मुलगी कुणाची यासाठी एकमेकांशीच लढतात. कॅसल क्रॅशर्स २००८मध्ये आला, त्यातही राजकन्येसाठी तेच. करणाऱ्यांना माणसं माहीत होती.

तिसरा, आणि हा मला खरा सांगायचा होता. डायब्लो ३, २०१२. त्यात प्रत्येकाला आपापला माल वेगळा पडतो. तुमचा मला दिसत नाही, माझा तुम्हाला दिसत नाही. कारण रास्त आहे. इंटरनेटवर अनोळखी माणसं शेजारी येऊन माल उचलून पळायची, लोक वैतागले होते. अनोळखी माणसांसाठी उपाय उत्तम. पण तोच उपाय मित्रांनाही लागू झाला. आमच्याकडं भावकीत सामाईक विहीर असते. पाण्याच्या पाळीवरून वर्षभर भांडणं, पण मोटर जळली की सगळे विहिरीवर. पुढं प्रत्येकानं आपापली बोअर मारली. भांडणं मिटली, आणि दिवाळीला फोनही बंद झाला. नव्या गेममध्ये चौघं एकाच राक्षसाला मारतात, आपापला माल उचलतात आणि निघून जातात. वहीची गरजच उरली नाही.

यावर माझा पुतण्या म्हणतो, ‘काका, आम्ही हेडफोनवर बोलतो की.’ बोलतात, मी ऐकलंय. डावीकडं ये, मागं आहे, मर, चल. पण ‘तू घे, माझ्याकडं आहे’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही, कारण ते म्हणायची वेळच येत नाही. आमच्या हॉस्टेलात ते वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळेला ऐकू यायचं, आणि म्हणणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

चौथाही एक मुद्दा होता, एकाच पडद्यावर खेळताना दुसऱ्याचा चेहरा दिसतो त्याबद्दल. पण दुसरी चिठ्ठी आलीय, आणि हिच्यावर मिनिटं नाहीत, नुसतं ‘चहा’ लिहिलंय.