बाळ मराठीत रडतं की कानडीत?

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘रडणाऱ्या तान्ह्या बाळाला शांत कसं करावं’. तिकडं येतेच. त्याआधी एक सांगा, आपल्या बेळगावात जन्मलेलं बाळ पहिलं रडतं ते मराठीत की कानडीत? हसू नका. आणि घाबरूही नका, 1956 पासूनचं भिजत घोंगडं मी इथं पिळायला घेणार नाही.

2009 साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. 60 बाळं, निम्मी फ्रेंच, निम्मी जर्मन, सगळी जेमतेम दोन ते पाच दिवसांची. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढायचा, जर्मन बाळांचा वरून खाली यायचा. दोघांचीही आपापल्या भाषेची चाल! पोटात असताना आईचं बोलणं ऐकून उचललेली. आता आमच्या शहापुरातल्या बाळंतिणीचं बघा. घरात मराठी, भाजीवालीशी कानडी, माहेरी फोन केला की दोन्हींची भेळ. बाळ आत बसून सगळं ऐकतंय. पस्तीस वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते, मला काही दोन्हींतला फरक ओळखता आला नाही. ‘जो जो’ मात्र दोन्हीकडं चालतं, आपल्या अंगाईत आणि कानडी जोगुळातही.

मग त्या रडण्यात ऐकायचं काय? माझीच फजिती सांगते. थोरला सहा आठवड्यांचा. आषाढ, म्हणजे आपल्याकडं लंगोट वाळायची सोय नाही. शेगडीवर तार बांधून वाळवलेले, धुराचा वास मारणारे लंगोट. दिवेलागणीला जो सूर लावला तो थांबेचना. पाजलं, ढेकर काढली, लंगोट बदलला, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. वर म्हणाल्या, “डोळ्यांत टिपूस नाही, सोंग आहे सगळं.” पहिले काही आठवडे तान्ह्याच्या डोळ्यांतून अश्रू गळतच नाहीत, हे मी वॉर्डात रोज सांगायची. घरात तोंड उघडायची टाप नव्हती.

रात्री दहाला शेजारच्या अज्जी आल्या, गोकाककडच्या. मराठी चार शब्द. बाळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, “कूसिन काल नोडव्वा.” पाय बघ. पाय! माझ्याच बहिणीनं विणलेले लोकरीचे मोजे होते पायात. डावा काढला तर आतला एक सुटा धागा अंगठ्याला करकचून गुंडाळलेला. अंगठा जांभळासारखा. नखं कापायची छोटी कात्री घेतली, हात थरथरत होता. धागा तुटला आणि दोन मिनिटांत पोरगं झोपलं. सासूबाई म्हणाल्या, “बघ, उतरली की नाही दृष्ट!”

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभर ऐका.

रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ तोंड वळवून शोधतं, मूठ चोखतं, तेव्हाच पदराखाली घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्याच्या आसपास कळस गाठतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्यात तुमचं दूध कमी किंवा तुम्ही वाईट, असं काही नसतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, आणि तरी रडतंय? उघड्या छातीशी धरा. उचलून पाचेक मिनिटं न थांबता चाला, झोप लागली की लगेच खाली ठेवू नका, पाच-आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसा. घुटी, मध, ग्राइप वॉटर काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध. इंग्लंडातल्या मूळ ग्राइप वॉटरमध्ये दारू असायची, बाळं झोपायची त्यात नवल काय! ओव्याची धुरीही नको.

आणि जावईबापूंनो, रात्री तीनला संताप येतो. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही, मेंदूत रक्तस्राव होतो. पाठीवर झोपवा, खोलीबाहेर जा, पाणी प्या, परत या. तीन महिन्यांच्या आत 38 सेल्सिअस ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणं किंवा रडणंच क्षीण होणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

दुसरी चिठ्ठी! थांबते. मागच्या रांगेतल्या निळ्या साडीतल्या ताई, तुमचं बाळ मघापासून मूठ चोखतंय. आभारप्रदर्शन होत राहील, त्याला आधी पाजा.