राजीनामा आधी, पक्ष नंतर

(मतमोजणी केंद्राचं फाटक. पाऊस. छत्र्यांची गर्दी.)

12 ऑगस्ट 2022. गोव्यातल्या 186 ग्रामपंचायतींची आज मतमोजणी. कॅमेऱ्याला आत परवानगी नाही, म्हणून आपण फाटकाबाहेर उभे आहोत. आतून कोणी बाहेर आलं की त्याच्याभोवती कडं पडतं. आकडा कळतो आणि शेवटच्या छत्रीपर्यंत पोचेतो दोनदा बदलतो.

परवा, 10 ऑगस्टला, 78 टक्क्यांहून जास्त मतदान झालं, तेही भर पावसाळ्यात. यंत्र नव्हतं. कागदी मतपत्रिका, शिक्का, घडी आणि पेटी. त्या मतपत्रिकेवर कमळ नव्हतं, हात नव्हता, सिंहही नव्हता. गोव्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. उमेदवाराला आयोगाकडून मोकळं चिन्ह मिळतं, आणि खरं तर त्याचीही फारशी गरज पडत नाही. प्रभाग केवढासा, मतदार काही शे. उमेदवार कोणाचा कोण, त्याच्या आजोबांनी कोणाची मेर सरकवली होती, कोणाच्या मयताला तो खांदा द्यायला आला होता, हे मत देणाऱ्याला ठाऊक असतं.

(विजयी उमेदवार बाहेर येतो. हार. फटाके भिजलेले, दोनच वाजतात.)

हा माणूस आज पंच झाला. पंचायत केवढी त्यावर पंच पाच, सात, नऊ किंवा अकरा. त्यांच्यातूनच सरपंच निवडला जाणार. इथवर सगळं गावाच्या हातात असतं. मग संध्याकाळ होते आणि राजकीय पक्ष आकडे सांगू लागतात: इतक्या पंचायती आमच्या, इतक्या आमच्या विचारांच्या. ज्या मतपत्रिकेवर पक्षच नव्हता, तिच्यातून पक्षाचा आकडा निघतो. स्थानिक आमदाराचं पॅनल ही गोष्ट कुठल्या कायद्यात नाही, पण सरपंचाची खुर्ची पुष्कळदा तिथेच ठरते. मुदतीची वाटणी ठरते, ती मोडली की अविश्वास ठराव येतो, आणि पाच वर्षांत गावाला तीन-तीन सरपंच बघायला मिळतात.

ही चित्रफीत एका बाजूची आहे, ते आधीच सांगितलेलं बरं. आम्ही जुन्या वळणाची माणसं. गावाचे निर्णय गावात व्हावेत, देवस्थान आणि शाळा राजकारणाच्या ओझ्याखाली येऊ नयेत, सरकारने नोकऱ्यांचं आमिष दाखवून मतं मागू नयेत, आणि दिलेला शब्द पाळावा, असं मानणारी. यातलं शेवटचं आज सगळ्यात जास्त मोडतं, एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला आमदार दुसऱ्या पक्षात जातो तेव्हा.

(फोंडा तालुक्यातलं देऊळ. दीपस्तंभ, तुळशीवृंदावन, सभामंडप. महाजनांची बैठक.)

या सभामंडपात निवडणुका कित्येक पिढ्या होताहेत. गोव्यातली बहुतेक मोठी देवस्थानं आजही 1933 च्या पोर्तुगीज काळातल्या नियमावलीवर चालतात. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सदस्यांची, यादी असते, दर तीन वर्षांनी समिती निवडली जाते, मामलेदाराची देखरेख असते. भांडणं होतात. कोर्टकचेऱ्याही होतात. पण समितीवर निवडून आलेला माणूस उद्या दुसऱ्या देवळाच्या समितीत 'विलीन' झाला, असं ऐकलं आहे कोणी?

याच्याही मागे गावकरी आहे, म्हणजे गावाची जमीन आणि कारभार सांभाळणारी जुनी संस्था. अफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 मध्ये फोरल, म्हणजे सनद, लिहिला. गावकरीच्या ज्या रूढी त्याला चालू दिसल्या, त्या त्याने त्यात नोंदवल्या. म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा इथल्या गावांना बैठक होती, वहिवाट होती, निर्णय लिहून ठेवणारा कुळकर्णी होता. शेत कोणी कसायचं, बांध कोणी बांधायचा, देवळाचा खर्च कुठून यायचा, सगळं बैठकीत ठरे आणि ठरलेलं पाळलं जाई. त्या बैठकीत सगळ्यांना जागा नव्हती. बायका बाहेर, कुळं आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार बाहेर. ते दार ग्रामसभेनं उघडलं. जुन्याचा अभिमान आहे म्हणून त्यातलं अपुरेपण झाकायचं आम्हाला कारण नाही. जपायला हवी ती त्यातली रीत: बैठकीत बोललास, तर बोललास.

(रविवार. ग्रामसभा. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे, मागच्या रांगेत उभे तरुण.)

सचिव मागील सभेचं इतिवृत्त वाचतात. दुसऱ्या मिनिटाला एक आजी उठते. गेल्या वेळी मी विचारलं होतं, ते यात लिहिलेलं का नाही? सचिव पानं उलटतात. सरपंच म्हणतात, घेऊ, घेऊ. आजी खाली बसत नाही. "घेऊ नको, आता लिही." सचिव लिहितात.

पुढचा अर्धा तास कचऱ्याचा. नंतर पथदीप. नंतर डोंगरउतारावरच्या एका बांधकामाचा परवाना, आणि इथे आवाज चढतो. परवाना कोणी दिला, कधी दिला, कुठल्या बैठकीत दिला? नकाशा मागितला जातो. नकाशा कार्यालयात आहे. कार्यालय शेजारच्या खोलीत आहे. तरुण म्हणतात, आणा. आणला जातो. टेबलावर पसरतात, चार मोबाइलचे उजेड त्याच्यावर पडतात. विधानसभेच्या प्रेक्षक सज्जात बसून इतकी स्वच्छ लोकशाही क्वचितच बघायला मिळते.

इथे पक्षाचा झेंडा आणला की काय होईल, ते जिल्हा पंचायतीत दिसलंच. 12 डिसेंबर 2020 ला ती निवडणूक पक्षचिन्हांवर झाली. तिथल्या सदस्याला आता गावापेक्षा पक्षकार्यालयाचा रस्ता जास्त पाठ. ग्रामपंचायतीला हे लागू करू नये, एवढंच आमचं म्हणणं.

(जुनी छायाचित्रं. 1963 ची पहिली निवडणूक, भाऊसाहेब बांदोडकर.)

गोव्याचं पहिलं लोकनियुक्त सरकार डिसेंबर 1963 मध्ये आलं. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं (मगो), दयानंद बांदोडकरांचं. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्यांच्या पक्षाचा जाहीर शब्द होता. तो प्रश्न लोकांसमोर न्यायचं ठरलं तेव्हा, सरकारच्या खुर्चीत बसून कौल घेऊ नये म्हणून, बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट आली. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. संघप्रदेश राहावा म्हणून 1,72,191 मतं पडली, विलीन व्हावं म्हणून 1,38,170. फरक 34,021. मराठीच्या घरात वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या आधीच्या पिढीला हा आकडा फार लागला होता. पण हरलेल्या बाजूने तो मानला. आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. आधी राजीनामा, मग लोक, मग सत्ता. गोव्याने स्वतःच घालून दिलेला हा क्रम आहे.

1979 मध्ये शशिकलाताई काकोडकरांचं सरकार स्वपक्षाच्याच आमदारांनी पाडलं. 1990 मध्ये चर्चिल आलेमाव यांचं सरकार तीन आठवडेही टिकलं नाही. त्या दशकाची चित्रफीत आमच्याकडे फारशी नाही. शपथविधीचीच तेवढी आहे, आणि ती बरीच आहे.

(विधानसभा संकुल, पर्वरी. रात्रीचे दिवे. गाड्यांचा ताफा.)

आता कायदा. हा भाग नीट ऐका, कारण सगळी किल्ली इथे आहे.

पक्षांतरबंदीसाठी घटनेत दहावं परिशिष्ट 1985 मध्ये आलं. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट', ती चालायची. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली. एक मात्र ठेवली: दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरणाला संमती दिली, तर ते अपात्र होत नाहीत.

आता गोव्याची बेरीज बघा. 2017 मध्ये मगोचे तीन आमदार निवडून आले. मार्च 2019 मध्ये दोघे भाजपमध्ये गेले. तीनातले दोन, बरोबर दोन तृतीयांश. काँग्रेसचे सतरा आले होते. विश्वजित राणे, दयानंद सोपटे, सुभाष शिरोडकर राजीनामा देऊन गेले, उरले चौदा. पणजीची पोटनिवडणूक काँग्रेसने जिंकली, झाले पंधरा. 10 जुलै 2019 ला त्यातले दहा भाजपमध्ये गेले. पंधरातले दहा. पुन्हा बरोबर दोन तृतीयांश, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मधली तीन नावं लक्षात ठेवा. राणे यांनी राजीनामा दिला आणि वाळपईत पोटनिवडणूक लढवली. शिरोडकर शिरोड्यात गेले, सोपटे मांद्रेत. तिघेही नव्या पक्षाच्या चिन्हावर लोकांसमोर उभे राहिले आणि लोकांनी त्यांना निवडलं. त्यांचं जाणं कोणाला पटलं, कोणाला नाही. रीत मात्र बरोबर होती. नंतरच्या बारा जणांना ती रीत नको होती, कायद्याने त्यांना ती चुकवू दिली.

दहा जणांविरुद्धची याचिका सभापतींसमोर गेली. सभापती सत्ताधारी पक्षाचे. जुलै 2019 चं प्रकरण, निकाल एप्रिल 2021 मध्ये: याचिका फेटाळली. मग मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ, निकाल 24 फेब्रुवारी 2022: विलीनीकरण वैध. तोवर 14 फेब्रुवारीला नव्या विधानसभेचं मतदान होऊनही गेलं होतं.

(पणजी, महालक्ष्मी देवळाच्या पायऱ्या. बांबोळीचा खुरीस (क्रूस). बेतीचा दर्गा.)

या तीन ठिकाणी 22 जानेवारी 2022 ला काँग्रेसने आपल्या उमेदवारांना नेलं आणि शपथ घ्यायला लावली, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही म्हणून. देवीसमोर, खुरसासमोर, दर्ग्यात. पक्ष कुठलाही असो, देवासमोर उच्चारलेला शब्द आमच्या लेखी शब्दच. मार्चमध्ये अकरा निवडून आले. 14 सप्टेंबर 2022 ला त्यातले आठ भाजपमध्ये गेले.

भाजपला गरज होती का? स्वतःचे वीस आमदार, मगोचे दोन, तीन अपक्ष. चाळीसच्या सभागृहात पंचवीस. सरकार पडणार नव्हतं, हलणारही नव्हतं.

(मडगाव. जुना बाजार, पालिका इमारत, दिगंबर कामत यांच्या प्रचाराचे जुने फलक.)

मडगावची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 2022 मध्ये भाजपने इथे मनोहर आजगावकर यांना उभं केलं. तेच, 2019 मध्ये मगोतून आलेले, तेव्हाचे उपमुख्यमंत्री. समोर काँग्रेसचे दिगंबर कामत. मडगावकरांनी कामत यांना निवडलं. म्हणजे भाजपचा उमेदवार नाकारला. सहा महिन्यांत कामत भाजपमध्ये, आणि ऑगस्ट 2025 मध्ये भाजप सरकारात मंत्री. कामत हे 1994 मध्ये भाजपच्या पहिल्या चार आमदारांपैकी एक. पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि मुख्यमंत्री झाले. त्यांना परत यायचं होतं, तर यावं. ते घर त्यांचंच होतं. पण मडगावच्या मतदारालाही विचारायला हवं होतं, की आता मी या चिन्हावर आहे, चालेल का?

याचं दुखणं आमच्या बाजूच्या कार्यकर्त्यालाच जास्त होतं. ज्याने चार आमदारांच्या काळात भिंती रंगवल्या, मनोहर पर्रीकर यांच्या सभेला सतरंज्या अंथरल्या, त्याला कालच्या प्रतिस्पर्ध्याचं स्वागत करायला हार घेऊन उभं राहावं लागतं. मांद्रेत माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना 2022 मध्ये अपक्ष लढावं लागलं, कारण त्यांना 2017 मध्ये हरवणारेच आता पक्षाचे उमेदवार होते. दोघेही पडले. मगो जिंकला.

(पालिका कार्यालय. नोटीस फलक. प्रभाग आरक्षणाची यादी.)

पालिकांकडे वळताना एक निकाल सांगतो. गोवा सरकारने कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 12 मार्च 2021 ला न्यायालयाने सुनावलं की सरकारी पदावरच्या माणसाला निवडणूक आयुक्त करता येणार नाही. हे पद स्वतंत्रच हवं. हा आदेश साऱ्या देशाला लागू झाला. त्यासाठी निमित्त गोवा व्हावा, याचा आम्हाला अभिमान वाटत नाही.

जमिनी, परवाने, नोकऱ्या: या सगळ्याचे सौदे पक्षांतराच्या सावलीत होतात, आणि ते सोसतं गाव.

(पुन्हा पर्वरी. दुपार. रिकामी सभागृहाची पायरी.)

पोटनिवडणुकीला खर्च येतो, असं सांगितलं जातं. येतो. गोव्याच्या एका मतदारसंघात सरासरी तीस हजारही मतदार नाहीत. तेवढ्या माणसांना एक दिवस पुन्हा विचारणं या राज्याला परवडतं.

म्हणून मागणी सरळ आहे. दहाव्या परिशिष्टातली विलीनीकरणाची तरतूद संसदेने काढावी. निर्णय सभापतींकडून काढून मुदतबांधील स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा. ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर पक्षचिन्ह कधीही येऊ नये. आणि कायदा बदलेपर्यंत प्रत्येक पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात एवढं एक वाक्य लिहावं: आमच्याकडे येणाऱ्या आमदाराने आधी राजीनामा द्यावा. भाजपनेही लिहावं. आम्ही ज्यांना मत देतो, त्यांच्याकडून तर आधी.

विधानसभेची मुदत मार्च 2027 मध्ये संपते, ग्रामपंचायतींची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळी उमेदवार दारात येतील. हा प्रश्न त्यांना दारातच, शेजाऱ्यांच्या समोर विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.