एकाच उपासनेत नवे आणि जुने

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारच्या उपासनेची आखणी करायला बसलं, की लूथरन मंडळ्यांमध्ये, म्हणजे मार्टिन लूथरच्या शिकवणीनुसार चालणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, एक प्रश्न हमखास निघतो. ही उपासना नेमकी कोणासाठी? ज्याच्या कानावर सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताच्या तारणाचा संदेश, अजून पडलीच नाही त्याच्यासाठी, की वर्षानुवर्षं येणाऱ्या, बाप्तिस्मा झालेल्या विश्वासणाऱ्यांसाठी? काही जण म्हणतात, पापांगीकार (पापांची कबुली), मतांगीकार (विश्वासाची सर्वांनी मिळून दिलेली कबुली) हे नव्या माणसाला जड जातं, ते गाळा. काही म्हणतात, मंडळीचं पोषण हेच रविवारचं काम, बाहेरच्यांसाठी दुसरा कार्यक्रम घ्या. दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे. पण दोघंही एक गोष्ट धरून चालतात, आणि ती मला पटत नाही: नव्याला लागणारं वचन वेगळं, जुन्याला लागणारं वेगळं.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्यासमोर हाच प्रश्न होता. १५२६ मध्ये त्याने जर्मन भाषेतला उपासनाक्रम छापला आणि त्याच्या प्रस्तावनेत तीन प्रकारच्या उपासना सांगितल्या. पहिली लॅटिनमधली, तरुणांची भाषा पक्की व्हावी म्हणून ती त्याला ठेवायची होती. दुसरी जर्मन, साध्या लोकांसाठी. आणि तिसरी, मनापासून ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांची: त्यांनी नावं नोंदवावीत, एखाद्या घरात जमावं, प्रार्थना करावी, शास्त्र वाचावं, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार) घ्यावं.

दुसऱ्या प्रकाराविषयी तो जे लिहितो, ते प्रत्येक पाळकाने वाचावं असं मला वाटतं. या जर्मन उपासनेला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अजून विश्वास ठेवत नाहीत, ते नुसते काही नवं बघायला उभे राहतात, असं तो सरळ सांगतो. भर चौकात किंवा उघड्या मैदानात परधर्मीयांमध्ये उपासना घ्यावी, तसंच हे आहे, असंही म्हणतो. लक्षात घ्या, ही माणसं गावातलीच होती. बहुतेकांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. म्हणजे ज्याला आपण बाहेरचा म्हणतो, तो मंडळीच्या बाकावरच बसलेला होता. आजही तो तिथे असतो. आणि तिसरी उपासना? ती त्याने सुरूच केली नाही. तशी माणसं अजून आपल्याजवळ नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं.

मग या मिश्र जमावासाठी त्याने काय केलं? क्रम पातळ केला नाही. ‘प्रभू, दया कर’ राहिलं, पत्राचं आणि शुभवर्तमानाचं वाचन राहिलं, प्रभुभोजन राहिलं. मतांगीकार लोकांनी आपल्या भाषेत गायचा, असं ठरलं. आणि उपदेशानंतर त्याने प्रभूच्या प्रार्थनेचं सोप्या शब्दांतलं विवरण घातलं, त्यापाठोपाठ प्रभुभोजन घेणाऱ्यांसाठी बोध. स्पष्टीकरण उपासनेच्या आतच आलं. नवा माणूस त्यातून शिकला आणि जुन्याला आपण रोज काय म्हणतो ते पुन्हा कळलं. १५३० चा ऑग्सबर्ग मतांगीकार, म्हणजे लूथरन शिकवण कलमवार मांडणारा दस्तऐवज, चोविसाव्या कलमात हेच सांगतो: विधी हवेत ते अशिक्षितांना शिकवण मिळावी म्हणून. सातवं कलम तर मोकळीकही देतं. माणसांनी घातलेल्या रीती सगळीकडे सारख्या असायलाच हव्यात असं नाही. सुवार्ता शुद्ध सांगितली जावी आणि संस्कार योग्य रीतीने दिले जावेत. तेव्हा चाल बदला, वाद्य बदला, भाषा सोपी करा. त्यावरून भांडू नका. मात्र पापक्षमेची घोषणा गाळली, तर नव्या माणसाला द्यायला आपल्याजवळ उरतं काय?

खरी अडचण उपदेशात असते. ‘तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे’ असं म्हणून अब्राहामाचा उल्लेख केला, की पहिल्यांदा आलेला माणूस तिथेच सुटतो. अब्राहाम कोण, हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. उलट, उपदेश दर रविवारी ‘विश्वास ठेवा’ या हाकेपाशीच थांबला, तर मरणाच्या दारातल्या आईची शुश्रूषा करणाऱ्या विश्वासणाऱ्या मुलीला काय मिळालं? नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, आणि सुवार्ता दोन्ही नीट सांगितली, तर दोघांनाही ऐकू येतं. तिलाही क्षमा हवी, त्यालाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हेच लिहितो: मंडळी उमजेल असं बोलू लागली, तर आत आलेल्या अविश्वासी माणसाच्याही अंतःकरणातलं उघड होतं.

प्रभुभोजनापाशी मात्र नवा आणि जुना यांच्यात रेषा येतेच. आधी विचारपूस आणि पापक्षमा झाल्याशिवाय ते देण्याची आपली रीत नाही, असं ऑग्सबर्ग मतांगीकाराचं पंचविसावं कलम सांगतं. आज काही लूथरन मंडळ्या ही रेषा कडकपणे पाळतात, काही सैलपणे. तुमची रीत कोणतीही असो, ती उपासना सुरू होताना प्रेमाने आणि स्पष्ट सांगा. वेदीपाशी पोहोचल्यावर कोणाला मागे फिरवणं फार वाईट. आणि जो अजून घेऊ शकत नाही, त्याला त्याच दिवशी सांगा की शिक्षणाचा वर्ग कधी आहे, कोण घेतं, किती आठवडे चालतो.

त्या वर्गात जुन्या सभासदांनाही बोलवा. १५२९ मध्ये लूथरने विश्वासाची मूळ शिकवण देणाऱ्या लहान आणि मोठी अशा दोन प्रश्नोत्तरावल्या लिहिल्या. मोठ्या प्रश्नोत्तरावलीच्या प्रस्तावनेत तो स्वतःविषयी सांगतो, की मी डॉक्टर आहे, उपदेशक आहे, तरी रोज सकाळी एखाद्या मुलासारखा दहा आज्ञा, मतांगीकार आणि प्रभूची प्रार्थना शब्दशः म्हणतो. म्हणून वर्गाला ‘नवीन लोकांसाठी’ असं नाव देऊ नका. चाळीस वर्षं मंडळीत असलेली बाई आणि गेल्या रविवारी पहिल्यांदा आलेला तरुण, दोघं एकाच बाकावर बसू देत.